केनेथ अँडरसन

केनेथ डग्लस स्टुअर्ट अँडरसन (८ मार्च १९१० – ३० ऑगस्ट १९७४) हे दक्षिण भारतातील शिकारी व इंग्रजी लेखक होते. उत्तरायुष्यात ते वन्यजीव संरक्षणाचे पुरस्कर्ते म्हणूनही ओळखले गेले. कुमाऊँ व गढवालच्या संदर्भात जिम कॉर्बेट यांचे नाव जसे घेतले जाते, तसे म्हैसूर, सालेम आणि निलगिरी परिसरातील अरण्यांच्या संदर्भात अँडरसन यांचे नाव घेतले जाते. माणसांवर हल्ले करणारे वाघ, बिबटे, अस्वले आणि पिसाळलेले हत्ती यांचा बंदोबस्त त्यांनी केला व त्या अनुभवांवर आधारित पुस्तके लिहिली. विंचेस्टर कंपनीची १८९५ नमुन्याची, तरफेवर चालणारी (लिव्हर ॲक्शन) .४०५ रायफल हे त्यांचे आवडते शस्त्र होते. भारतातील शिकारीच्या इतिहासात या प्रकारच्या रायफलीशी सर्वाधिक निगडित असलेले नाव त्यांचेच आहे.

जन्म, कुटुंब व शिक्षण

अँडरसन यांचा जन्म तत्कालीन हैदराबाद संस्थानातील बोलारम येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे स्कॉटलंडचे. परंतु सहा पिढ्यांपासून ते भारतात स्थायिक झालेले होते. त्यांचे वडील डग्लस स्टुअर्ट अँडरसन हे पुणे येथील लष्करी लेखा कार्यालयात अधीक्षक होते. सैनिकांच्या वेतनाचे काम त्यांच्याकडे असे आणि त्यांना कॅप्टन हा मानद हुद्दा होता. शिकार व बंदुका यांची आवड केनेथ यांना वडिलांकडूनच लाभली.

केनेथ यांचे शालेय शिक्षण बंगळूर येथील बिशप कॉटन बॉइज स्कूलमध्ये झाले. पुढे त्यांनी त्याच शहरातील सेंट जोसेफ्स कॉलेजात शिक्षण घेतले. कायद्याच्या अभ्यासासाठी त्यांना स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे पाठवण्यात आले. मात्र तो अभ्यास अर्धवट सोडून ते भारतात परतले. त्यानंतरचे त्यांचे सारे आयुष्य बंगळूर आणि त्याच्या भोवतालच्या अरण्यांत गेले. कन्नड व तमिळ या भाषा ते सहज बोलत. खेडूत, गुराखी आणि वनवासी यांच्याशी दुभाष्यावाचून संवाद साधता येत असल्यामुळे जंगलातील बातमी त्यांच्यापर्यंत थेट पोहोचत असे.

नोकरी व अरण्यातील सोबती

अँडरसन हे व्यवसायाने शिकारी नव्हते. सुमारे १५ वर्षे त्यांनी डाक व तार खात्यात नोकरी केली. त्यानंतर बंगळूरच्या विमान कारखान्यात, म्हणजे पुढील काळातील हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये, ते नियोजन विभागाचे व्यवस्थापक होते. नोकरीतील रजा आणि आठवड्याची सुटी ते जंगलासाठी राखून ठेवत. त्यांच्या कथांमध्ये रजा संपत आल्याची चिंता वारंवार येते, ती यामुळेच. त्यांचे पुत्र डोनाल्ड हेदेखील शिकारी म्हणून प्रसिद्धीस आले.

त्यांच्या लेखनात दोन स्थानिक सोबत्यांना मोठे स्थान आहे. एक, पुजारी जमातीतील बैरा आणि दुसरा, पेन्नागरमचा रंगा. दोघेही आधी चोरटी शिकार करून पोट भरणारे होते. चिन्नार नदीच्या परिसरात अँडरसन यांची बैराशी गाठ पडली आणि ते आयुष्यभराचे मित्र झाले. माग काढणे, पक्षी व वानरांच्या इशाऱ्यांवरून हिंस्र प्राण्याची चाहूल घेणे, वाळूतील पंजाच्या ठशावरून प्राण्याचे वय व लिंग ओळखणे या विद्या आपण अशाच माणसांकडून शिकलो, हे अँडरसन यांनी मोकळेपणाने मान्य केले आहे.

नरभक्षकांचा बंदोबस्त

सरकारी नोंदींनुसार १९३९ ते १९६६ या काळात अँडरसन यांनी ८ नरभक्षक बिबटे (७ नर, १ मादी) आणि ७ नरभक्षक वाघ (५ नर, २ माद्या) मारले. प्रत्यक्ष संख्या याहून अधिक असल्याचेही सांगितले जाते.

त्यांच्या गाजलेल्या कथांपैकी गुम्मलापूरच्या बिबट्याची कथा विशेष प्रसिद्ध आहे. या बिबट्याने ४२ माणसांचे बळी घेतले होते. सूर्यास्तानंतर त्या भागातील गावे दारे लावून बसत. बिबट्या मारला गेल्यावर त्याच्या पुढच्या पंजात साळिंदराचे तुटलेले काटे रुतून बसलेले आढळले. पंजा जायबंदी झालेल्या या प्राण्याला नैसर्गिक भक्ष्य पकडणे अवघड झाले होते, असा निष्कर्ष अँडरसन यांनी काढला. जवळगिरीच्या वाघिणीच्या प्रकरणात त्यांनी नर वाघाच्या हाकेची नक्कल करून तिला जवळ आणले. म्हैसूरच्या अस्वलाने किमान १२ माणसे मारली होती आणि अनेकांना जबर जखमी केले होते. अर्सिकेरे परिसरातील या अस्वलाची कथा १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात आहे.

या सर्व कथांमध्ये एक प्रश्न समान आहे. वाघ किंवा बिबट्या माणसाला भक्ष्य का समजू लागतो? वाघ जन्मतः नरभक्षक नसतो, अशी अँडरसन यांची ठाम धारणा होती. साळिंदराचे काटे, म्हातारपण, झिजलेले दात, जंगलातील हरणे व सांबरे नाहीशी होणे, साथीच्या रोगात प्रेते उघड्यावर टाकली जाणे अशी अनेक कारणे त्यांनी नोंदवली. परंतु ज्या कारणाकडे ते पुनःपुन्हा वळतात ते म्हणजे माणसाच्या गोळीने झालेली आणि जीव न घेणारी जखम. शेतराखणीसाठी किंवा चोरट्या शिकारीसाठी वापरलेली ठासणीची बंदूक, तिच्यात भरलेले लोखंडाचे तुकडे, वाघावर झाडलेले छर्रे किंवा घाईने लांबून घातलेली गोळी यांमुळे प्राणी मरत नाही. तो अपंग होतो. अपंग प्राण्याला सर्वांत सोपे भक्ष्य म्हणजे लाकूडफाट्याला गेलेली स्त्री किंवा गुरे राखणारे पोर. त्यामुळे शिकाऱ्याने कोणते शस्त्र व कोणते काडतूस वापरावे हा प्रश्न अँडरसन यांच्या दृष्टीने केवळ हौसेचा नव्हता. त्याच्याशी तिसऱ्याच कुणाचे तरी प्राण निगडित होते.

रायफल व काडतूस

तरफेवर चालणाऱ्या रायफलीत चापाभोवतीची कडी हीच तरफ असते. ती खाली ओढली की रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि वर घेतली की नवे काडतूस नळीत चढते. रायफल खांद्यावरून न काढता व नजर लक्ष्यावरून न हलवता दुसरी गोळी झाडता येणे, हा या रचनेचा मुख्य लाभ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत अशा रायफली लोकप्रिय झाल्या. त्यांतील १८८६, १८९२, १८९४ आणि १८९५ हे विंचेस्टरचे प्रसिद्ध नमुने जॉन ब्राउनिंग (१८५५–१९२६) या शस्त्रसंशोधकाच्या कल्पनेतून उतरले.

आधीच्या नमुन्यांत काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या लांब नळीत एकामागे एक ठेवलेली असत. मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकत असल्याने टोकदार गोळ्या वापरणे धोक्याचे होते. १८९५ च्या नमुन्यात ब्राउनिंग यांनी कुलपेटीच्या खाली उभी पेटी बसवली. तीत काडतुसे एकावर एक राहत. यामुळे लांब व जास्त ताकदीची काडतुसे तरफेच्या रायफलीत प्रथमच सुरक्षितपणे वापरता आली. १९०४ मध्ये याच नमुन्यासाठी .४०५ विंचेस्टर हे काडतूस बाजारात आले.

अँडरसन यांची निवड समजण्यासाठी तरफेच्या रायफलींतील प्रमुख काडतुसांची तुलना उपयुक्त ठरते. पुढील आकडे स्थूलमानाने दिले असून ऊर्जा नळीच्या तोंडाशी असलेली आहे.

• .४४-४० : १८७३ चे काडतूस. १३ ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला सुमारे ३६५ मीटर, ऊर्जा ८५० ते ९०० जूल. जवळच्या अंतरावरील हरणापुरते पुरेसे. वाघासाठी सर्वस्वी अपुरे.
• .४५-७० : हेही १८७३ चे, मूळचे अमेरिकी सैन्याचे आणि काळ्या दारूचे. २६ ग्रॅमची जड गोळी, वेग सुमारे ४०५ मीटर, ऊर्जा सुमारे २,१५० जूल. गोळी जड असल्याने खोल शिरते. पण वेग कमी असल्याने अंतर वाढताच ती झपाट्याने खाली येते.
• .३०-३० : १८९५ चे, बिनधुराच्या दारूचे. ११ ग्रॅमची गोळी, वेग सुमारे ६७० मीटर, ऊर्जा सुमारे २,४८० जूल. झटका सौम्य आणि रायफल हलकी. अमेरिकेतील हरणांच्या शिकारीत अत्यंत लोकप्रिय.
• .४०५ : १९०४ चे. १९.४ ग्रॅमची गोळी, वेग सुमारे ६७० मीटर, ऊर्जा सुमारे ४,३७० जूल.
• .३४८ : १९३६ चे. १३ ग्रॅमची गोळी, वेग सुमारे ७७० मीटर, ऊर्जा सुमारे ३,८०० जूल.

.३०-३० आणि .४०५ या दोन काडतुसांच्या गोळ्यांचा आरंभीचा वेग जवळजवळ सारखाच आहे. फरक आहे तो गोळीच्या वजनाचा आणि जाडीचा. त्यामुळेच दोन्हींच्या ऊर्जेत पावणेदोन पटींचे अंतर पडते. हरणाच्या बाबतीत हा फरक फारसा जाणवत नाही. परंतु अंगावर चालून येणाऱ्या, सुमारे दोनशे किलोग्रॅम वजनाच्या वाघाच्या बाबतीत तो निर्णायक ठरतो. खांद्याचे हाड फोडून हृदय वा फुप्फुसापर्यंत पोहोचणारी गोळीच प्राण्याला जागीच रोखू शकते.

या काडतुसाच्या मर्यादाही स्पष्ट होत्या. बोथट टोकाची व रुंद गोळी हवेत लवकर मंदावते, म्हणून लांबच्या नेमबाजीस ती योग्य नव्हती. दस्त्याच्या बुडाशी असलेल्या अरुंद धातूच्या पट्टीमुळे झटका खांद्याला तीव्र लागे. तरफ हलवताना होणारा खटका रात्रीच्या शांततेत ऐकू जाई. शिवाय हत्ती व गेंडा यांच्यासाठी ते पुरेसे मानले जात नसे. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०९–१० च्या आफ्रिका मोहिमेत सिंहांसाठी .४०५ ची प्रशंसा केली. मात्र त्याहून मोठ्या जनावरांसाठी त्यांनी हॉलंड अँड हॉलंडची दुनळी रायफलही सोबत ठेवली होती.

तथापि दक्षिण भारतातील परिस्थितीत या मर्यादांना फारसे महत्त्व नव्हते. घाणेरी आणि बांबूच्या दाट जाळ्यांत वाघ बहुधा काही पावलांवरच दिसतो. मचाणावरून मारलेल्या जनावरावर नजर ठेवून बसल्यास अंतर आणखी कमी असते. रात्रीच्या बैठकीसाठी अँडरसन रायफलीवर विजेरी बसवून घेत. प्रकाश पडल्यावर गोळी झाडण्यास मिळणारा अवधी अगदी थोडा असे. पहिली गोळी चुकली किंवा वर्मी लागली नाही, तर दुसरी त्याच क्षणी तयार असणे आवश्यक होते.

जिम कॉर्बेट यांची निवड वेगळी होती. .२७५ रिग्बी ही हलकी, खिट्टीची (बोल्ट ॲक्शन) रायफल आणि .४५०/.४०० ही दुनळी रायफल अशी दोन शस्त्रे ते वापरत. डोंगराळ कुमाऊँमध्ये दरीपलीकडच्या लांबच्या लक्ष्यासाठी पहिली आणि समोरासमोरच्या गाठीसाठी दुसरी उपयोगी पडे. दुनळी रायफलीत दुसरी गोळी सर्वांत जलद सुटते. परंतु त्यानंतर ती पुन्हा भरावी लागते आणि तिची किंमत सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेरची असे. खिट्टीची रायफल अचूक असते. मात्र दर गोळीनंतर हात चापावरून काढावा लागतो. १८९५ ची विंचेस्टर या दोन्हींच्या मधली होती. दुनळीपेक्षा स्वस्त, पेटीत चार-पाच गोळ्या आणि वाघाला पुरेशी ताकद असा हा मेळ होता.

जखमी प्राण्याचा माग

जखमी केलेला प्राणी तसाच सोडून परतणे अँडरसन यांना अक्षम्य वाटे. रक्ताचा माग घेत त्याच्यापर्यंत पोहोचणे आणि त्याच्या यातना संपवणे हे शिकाऱ्याचे कर्तव्य आहे, अशी त्यांची भूमिका होती. हे काम शिकारीतील सर्वांत धोक्याचे असते, कारण जखमी वाघ झुडपात दबा धरून बसतो आणि मागावर आलेल्या माणसावर अगदी जवळून झेप घेतो. आपल्या चुकलेल्या नेमांची आणि फसलेल्या अंदाजांची कबुली अँडरसन यांनी पुस्तकांत दिली आहे. त्यांच्या लेखनाला विश्वासार्हता लाभली ती बऱ्याच अंशी या कबुलीमुळे.

बैरासारख्या वनवाशाच्या हाती असलेली जुनी ठासणीची बंदूक आणि अँडरसन यांची विंचेस्टर यांतील अंतर हे केवळ यंत्राचे नव्हते. ते परिस्थितीचेही होते. भुकेसाठी बंदूक चालवणाऱ्याला चांगले काडतूस परवडत नव्हते. अँडरसन चोरट्या शिकारीची निंदा करतात; परंतु तिच्यामागील दारिद्र्याकडे दुर्लक्ष करत नाहीत.

लेखन

अँडरसन यांचे पहिले पुस्तक, नाइन मॅन-ईटर्स अँड वन रोग, १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर मॅन-ईटर्स अँड जंगल किलर्स (१९५७), द ब्लॅक पँथर ऑफ शिवनिपल्ली (१९५९), द कॉल ऑफ द मॅन-ईटर (१९६१), धिस इज द जंगल (१९६४), द टायगर रोअर्स (१९६७) आणि टेल्स फ्रॉम द इंडियन जंगल (१९७०) ही पुस्तके आली. जंगल्स लाँग अगो हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९७६ मध्ये प्रकाशित झाले. द फायर्स ऑफ पॅशन ही त्यांची कादंबरी १९६९ ची आहे.

या पुस्तकांत शिकारीच्या प्रसंगाइतकीच जागा रात्रीचे आवाज, नदीकाठचे मुक्काम, गावकऱ्यांच्या समजुती आणि वनस्पतींचे औषधी उपयोग यांना मिळाली आहे. भुताखेतांच्या व गूढ अनुभवांच्या कथांविषयीही त्यांना कुतूहल होते. कन्नड साहित्यिक पूर्णचंद्र तेजस्वी यांनी त्यांच्या कथा कन्नडमध्ये आणल्या व तेथे त्यांना मोठा वाचकवर्ग लाभला. व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली यांच्या अरण्यलेखनावर पोसलेल्या मराठी वाचकालाही हे जग परके वाटत नाही.

अँडरसन यांच्या कथांतील बहुतेक तपशील त्यांच्या स्वतःच्या कथनावर आधारलेले आहेत. त्यामुळे त्या वाचताना त्यांचे दस्तऐवजी मूल्य आणि वाङ्मयीन मूल्य वेगवेगळे पाहणे इष्ट ठरते.

संरक्षणाकडे वळण

वयाबरोबर अँडरसन यांचा शिकारीकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलत गेला. तरुणपणी गजबजलेली जंगले आपल्या डोळ्यांदेखत निर्जीव होत आहेत, ही खंत त्यांच्या नंतरच्या पुस्तकांत ठळकपणे दिसते. मोटारीच्या झगमगत्या दिव्यांत केलेली शिकार, विषप्रयोग आणि जंगलतोड यांचा त्यांनी कडक शब्दांत निषेध केला. केवळ हौसेसाठी वाघ मारण्याऐवजी कॅमेऱ्याने त्याची छायाचित्रे घ्यावीत, असा आग्रह ते धरू लागले.

१९७० मध्ये देशात वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम संमत झाला आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. अँडरसन यांनी म्हैसूर राज्यात पाहिलेले बंदीपूरचे अरण्य पहिल्या व्याघ्र प्रकल्पांपैकी एक ठरले. या कायद्यामुळे शिकारीची काडतुसे निवडण्याचा प्रश्न भारतापुरता जवळजवळ इतिहासजमा झाला. पूर्वी शिकाऱ्यांचे आवडते लक्ष्य असलेले काळवीट आज कायद्याने संरक्षित आहे. वाशीम जिल्ह्यातील कारंजा-सोहोळ अभयारण्य त्याच्यासाठीच राखलेले आहे. मानवी जीवितास धोकादायक ठरलेल्या वाघाला मारण्याची परवानगी आता केवळ राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात आणि त्याआधी त्याला पकडण्याचा किंवा बेशुद्ध करण्याचा पर्याय तपासावा लागतो. वाशीमला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवडा परिसरात, २०१८ मध्ये टी-१ या वाघिणीला ठार मारण्यात आले, तेव्हा या तरतुदींवर देशभर चर्चा झाली. गावकऱ्यांचे प्राण आणि वाघाचा जीव यांचा तोल कसा साधावा, हा अँडरसन यांच्यासमोरचा प्रश्न अजूनही सुटलेला नाही.

निधन व वारसा

३० ऑगस्ट १९७४ रोजी बंगळूर येथे कर्करोगाने अँडरसन यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने स्थापन झालेली केनेथ अँडरसन नेचर सोसायटी ही संस्था तमिळनाडूतील होसूरजवळच्या मेलगिरी डोंगररांगांत वन्यजीवांच्या अभ्यासाचे व संरक्षणाचे काम करते. अँडरसन यांच्या अनेक कथा याच परिसरात घडतात. या भागात २०१४ मध्ये कावेरी उत्तर वन्यजीव अभयारण्य घोषित करण्यात आले. ज्या वाटांवरून अँडरसन .४०५ खांद्यावर घेऊन नरभक्षकांच्या मागावर जात, त्यांतील काही वाटा आज वाघ, हत्ती आणि खारी यांच्यासाठी राखलेल्या वनात मोडतात.